सभागृहात कोण बसले आहे?

एप्रिल 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'गोल्डन गेट रुबी कॉन्फरन्स' पहिल्यांदा भरली. रुबी या संगणकभाषेत काम करणाऱ्या प्रोग्रामरांचा हा दोन दिवसांचा मेळावा. त्यात मॅट एमोनेटी यांचे भाषण 'काऊचडीबी' या डेटाबेसवर होते. विषय महत्त्वाचा आणि नवा होता. तोवर बहुतेक डेटाबेस माहिती तक्त्यांच्या ओळी-रकान्यांत बसवत. काऊचडीबी ती स्वतंत्र दस्तऐवजांच्या रूपात साठवत असे आणि वेबच्याच भाषेत तिची देवाणघेवाण करत असे. असे तंत्र समजून घ्यायला लोक उत्सुक असणे स्वाभाविक होते.

एमोनेटींनी या भाषणाला शीर्षक दिले ते 'पॉर्न स्टारसारखी कामगिरी करा' अशा अर्थाचे. पुढच्या स्लाईड त्याच सुरात होत्या. वेग, क्षमता, विस्तार अशा प्रत्येक तांत्रिक मुद्द्याशेजारी अर्धवस्त्र स्त्रियांची सूचक पोझमधली छायाचित्रे होती आणि मुद्द्यांची शब्दरचनाही द्व्यर्थी होती. त्या दिवशी सभागृहात फारसा गोंधळ झाला नाही. स्लाईड इंटरनेटवर आल्या, परिषदेला न गेलेल्यांनीही त्या पाहिल्या आणि मग वाद पेटला. तो रुबीपुरता राहिला नाही. संगणकाच्या दुनियेतल्या परिषदांत कुणी काय बोलावे, कशावर हसावे आणि ते कुणी ठरवावे, हा प्रश्न पुढची चार-पाच वर्षे धुमसत राहिला आणि त्याने या परिषदांचे रूपच पालटले.

हा वाद रुबीच्याच घरात सुरू व्हावा, याला कारण आहे. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी संगणकतज्ज्ञाने 1995 मध्ये रुबी जगापुढे आणली. प्रोग्रामरला काम करताना आनंद व्हावा, हा त्यांचा घोषित हेतू होता. 'मात्सुमोतो सौजन्याने वागतात, म्हणून आपणही सौजन्याने वागावे' हे रुबीवाल्यांचे आवडते बोधवाक्य. 2004 मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने या भाषेवर 'रेल्स' ही चौकट उभारली आणि वेबसाइट बांधण्याचे काम कितीतरी सोपे करून टाकले. रेल्सबरोबर एक नवा रुबाबही आला. 2006 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत हॅन्सन यांनी टीकाकारांना उत्तर म्हणून एक इंग्रजी शिवी मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवली आणि ती स्लाईड गाजली. मोठ्या कंपन्यांच्या सुटाबुटातल्या, रटाळ सादरीकरणांना कंटाळलेल्या तरुणांना त्यात मोकळेपणा दिसला. वक्त्याने धक्का द्यावा, चिमटा काढावा, सभा हलवून सोडावी, अशी अपेक्षा तयार झाली.

ही अपेक्षा मुळात चुकीची नव्हती. दुपारचे जेवण झालेले, समोर प्रत्येकाचा लॅपटॉप उघडा, तासाभरापूर्वीच दुसरे कुणीतरी तशाच विषयावर बोलून गेलेले. अशा श्रोत्यांचे लक्ष धरून ठेवणे खरोखर अवघड असते. विनोद हे त्याचे जुने आणि चांगले साधन आहे. एमोनेटींचे म्हणणेही काहीसे असेच होते: भाषण लक्षात राहावे म्हणून मांडणी रंजक केली, आणि शीर्षकातूनच पूर्वसूचना दिलेली होती. कुणी दुखावले गेले असेल तर खेद आहे, पण दुखावण्याचा हेतू नव्हता, असे त्यांनी सांगितले.

या समर्थनातला शीर्षकाचा मुद्दा मराठी वाचकाला चटकन पटण्यासारखा आहे. दादा कोंडके यांच्या चित्रपटाला जाणारा प्रेक्षक कोणत्या विनोदासाठी तिकीट काढतो आहे, हे पुरते जाणून असे. मग इथे तक्रार कशाला? फरक तिकिटाचाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्यांनी तिकीट काढले होते ते डेटाबेससाठी. त्यांतले कित्येक आपापल्या कंपनीतर्फे आले होते आणि सोमवारी कामावर परतून शिकलेले वापरणार होते. काऊचडीबी शिकायची असेल तर आधी ही चित्रे पाहा, अशी अट एखाद्या स्त्री-प्रोग्रामरवर पडत होती. उठून जायचे तर ज्ञान बुडते. बसून राहायचे तर शेजारच्या सहकाऱ्याच्या मनात आपल्याविषयी काय चालले असेल, हा प्रश्न छळतो.

रेल्सच्या जगात यावर दोन तट पडले. आपल्याला यात आक्षेपार्ह काही वाटत नाही आणि सर्वांना रुचेल असे गुळमुळीत वातावरण आपल्याला नको, अशी भूमिका हॅन्सन यांनी घेतली. उलट बाजूला माइक गुंडरलॉय उभे राहिले. रेल्सच्या प्रसारासाठी नेमलेल्या छोट्या गटात ते आणि एमोनेटी दोघेही होते. नेतृत्वाचा हा पवित्रा पाहून गुंडरलॉय त्या गटातून बाहेर पडले. सॉफ्टवेअर रचनेवरील ग्रंथांमुळे जगभर ओळखले जाणारे मार्टिन फाउलर यांनीही लेखणी उचलली. एखादी गोष्ट लागली की नाही, हे बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही. ज्याला लागते त्याचे ऐकावे लागते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

या वादाची धग समजायची तर थोडे मागे जायला हवे. 1946 मध्ये जगापुढे आलेल्या 'एनियॅक' या संगणकाचे पहिले प्रोग्रामर म्हणजे सहा स्त्रिया होत्या. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण 1980च्या दशकाच्या मध्याला सुमारे 37 टक्क्यांवर पोचले होते. पुढे ते घसरत गेले आणि 2010च्या सुमारास 18 टक्क्यांवर आले. वैद्यक आणि कायद्याच्या शिक्षणात त्याच काळात स्त्रिया वाढत होत्या. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या दुनियेत, म्हणजे जिथे कुणीही हौसेने येऊन हातभार लावू शकतो असे म्हटले जाते तिथे, परिस्थिती सर्वांत वाईट होती. युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या क्षेत्रातल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे दीड टक्का आढळले. खासगी कंपन्यांच्या सॉफ्टवेअर उद्योगात ते सुमारे 28 टक्के होते. दार सताड उघडे असूनही माणसे आत येत नसतील, तर आत काय चालते ते पाहावे लागते.

आत काय चालत होते, याचा एक नमुना तर प्रतिमासंस्करणाच्या पाठ्यपुस्तकांतच होता. 1973 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अलेक्झांडर सॉचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका परिषदेच्या निबंधासाठी चांगले छायाचित्र हवे होते. हाताशी 'प्लेबॉय' मासिकाचा नोव्हेंबर 1972 चा अंक होता. त्यातल्या लेना या स्वीडिश मॉडेलच्या छायाचित्राचा खांद्यापासून वरचा भाग त्यांनी स्कॅन केला. पुढची अनेक दशके चित्र लहान करण्याच्या, स्वच्छ करण्याच्या, धारदार करण्याच्या पद्धती जगभर याच चित्रावर तपासल्या गेल्या. चित्राचा तो तुकडा स्वतःहून अश्लील नव्हता. पण ते कुठून आले हे वर्गातल्या मुलांना माहीत असे आणि त्यावर हसणेही होत असे. आपण आता तंत्रज्ञानाच्या दुनियेतूनही निवृत्त व्हायची वेळ आली आहे, असे खुद्द लेना फोर्सेन यांनी 2019 मधल्या एका माहितीपटात सांगितले. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या व्यावसायिक संघटनेने 1 एप्रिल 2024 पासून हे चित्र असलेले निबंध घेणे बंद केले. एक सवय सुटायला अर्धशतक लागले.

2009 हे वर्ष तर अशा प्रसंगांनी भरलेले होते. जूनमध्ये मिनियापोलिसच्या 'फ्लॅशबेल्ट' परिषदेत एका वक्त्याने लैंगिक चित्रे आणि विनोद यांचा मारा केला. आयोजकाला जाहीर माफी मागावी लागली. जुलैत ग्रॅन कनारिया बेटावर लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीभोवतीच्या दोन मोठ्या समुदायांची एकत्र परिषद झाली. तिथे मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी संताचे सोंग घेऊन आपला नेहमीचा विनोदी भाग सादर केला. त्यात त्यांनी स्वतःच्या 'ईमॅक्स' या प्रोग्रामला धर्म मानले, तो कधीही न वापरलेल्या स्त्रियांना कुमारिका म्हटले आणि त्यांचे कौमार्य घालवणे हे पुण्यकर्म ठरवले. सप्टेंबरमध्ये पोर्टलंडच्या 'लिनक्सकॉन'मध्ये उबुंटू या लिनक्स-आवृत्तीचे संस्थापक मार्क शटलवर्थ बोलता बोलता म्हणून गेले की आपण नेमके काय करतो, हे मुलींना समजावून सांगणे कठीण जाते.

शटलवर्थ यांच्या वाक्यात ना चित्र होते, ना शिवी. त्या वर्षातला हा सर्वांत सौम्य प्रसंग. तरी प्रश्नाचे मूळ सर्वांत स्वच्छपणे याच वाक्यात दिसते. समोर बसलेल्या स्त्रिया लिनक्सवर काम करणाऱ्याच होत्या. 'आपण' म्हणजे पुरुष आणि 'मुली' म्हणजे बाहेरच्या, अशी वाटणी वक्त्याने नकळत करून टाकली आणि त्या क्षणी आपल्याच श्रोत्यांपैकी काहींना सभागृहाबाहेर उभे केले. मला वाटते, या सगळ्या वादाला अश्लीलतेचा वाद म्हणणे अपुरे आहे. व्यासपीठावरचा प्रत्येक विनोद हसणाऱ्यांचा एक गट गृहीत धरतो. तो गट वक्त्याच्या मनात आधीच ठरलेला असतो. खरा प्रश्न त्या गृहीतकाचा होता.

सॅन फ्रान्सिस्कोत या प्रश्नाला सर्वांत विधायक उत्तर मिळाले. सारा मे आणि सारा ॲलन या तिथल्याच दोन रुबी प्रोग्रामर. परिषदेच्या वादानंतर निषेधाच्या पुढे काय करता येईल, याचा विचार त्यांनी केला. रुबीच्या मेळाव्यांत स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच दिसत होत्या. त्याच वर्षी दोघींनी 'रेल्सब्रिज' सुरू केले. शनिवार-रविवारी एखाद्या कंपनीच्या कार्यालयात स्त्रियांसाठी विनामूल्य कार्यशाळा घ्यायची, आधी सर्वांच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर नीट बसवून द्यायचे, मग दिवसभर हाताला धरून शिकवायचे. शिकवणारे स्थानिक समुदायातलेच, पुरुषही आणि स्त्रियाही. आज शिकलेली मुलगी उद्या शिकवायला येते. हा नमुना पुढे कितीतरी शहरांनी उचलला आणि रुबीच्या मेळाव्यांत नवे चेहरे दिसू लागले.

दुसरे उत्तर लिखित नियमाचे. 2010 च्या अखेरीस व्हॅलरी ऑरोरा या लिनक्स कर्नेलवर काम केलेल्या प्रोग्रामरने सहकाऱ्यांसह परिषदांसाठी छळविरोधी धोरणाचा एक नमुना मसुदा तयार केला. परिषदांमध्ये फक्त विनोदच होत नव्हते, अंगचटीला येण्याचे आणि हल्ल्याचे प्रकारही घडत होते, ही त्यामागची कठोर पार्श्वभूमी. मसुद्याची ताकद त्याच्या नेमकेपणात होती. 'सभ्यपणे वागा' असे मोघम सांगण्याऐवजी काय चालणार नाही, तक्रार कुणाकडे करायची आणि आयोजक काय करू शकतात, हे त्यात स्पष्ट होते. सार्वजनिक जागेत लैंगिक चित्रे दाखवणे हेही त्यात नाव घेऊन नमूद केलेले होते.

या धोरणाची परीक्षा लगेच झाली. जानेवारी 2011 मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय लिनक्स परिषद भरली. शहरात नुकताच महापूर येऊन गेला होता, आयोजकांना ऐनवेळी जागा बदलावी लागली होती. परिषदेने नवे धोरण स्वीकारले होते. तरीही मार्क पेस्की यांच्या बीजभाषणात लैंगिक आणि हिंसक प्रतिमा आल्या. यावेळी चर्चा वेगळ्या वळणाने गेली. 'हे योग्य की अयोग्य' यावर महिनाभर भांडण्याऐवजी नियमाकडे बोट दाखवता आले. आयोजकांनी माफी मागितली, पेस्की यांनीही मागितली. त्याच वर्षी ऑरोरा आणि ऑस्ट्रेलियातल्या मेरी गार्डिनर यांनी पहिली प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या ॲडा लव्हलेस हिच्या नावाने 'ॲडा इनिशिएटिव्ह' ही संस्था स्थापली. 2015 मध्ये ती बंद होईपर्यंत आचारसंहिता ही परिषदांची नेहमीची गोष्ट झाली होती. 2012 च्या अखेरीस पायथन या संगणकभाषेच्या 'पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन'ने ठरवले की आचारसंहिता नसलेल्या परिषदेला आर्थिक मदत द्यायची नाही.

नियम आले म्हणून सगळे सुरळीत झाले नाही. 2013 हे वर्ष त्याची साक्ष देते. फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सुरक्षाविषयक परिषदेत लेखिका व्हायोलेट ब्लू लैंगिकता, अमली पदार्थ आणि जोखीम कमी करणे यांवर बोलणार होत्या. ॲडा इनिशिएटिव्हने आयोजकांकडे चिंता व्यक्त केली आणि भाषण मागे घेतले गेले. इथे बोलणारी स्वतः स्त्री, विषय आरोग्याशी जोडलेला आणि हेतू शिकवण्याचा. लैंगिकतेचा उल्लेख आणि लैंगिक चेष्टा या दोन गोष्टींमधली रेषा किती जपून ओढावी लागते, हे या प्रसंगाने दाखवले. भाषण मागे घेण्यावर त्या वेळी आक्षेप घेणाऱ्या कित्येकांचे म्हणणे रास्त होते.

मार्चमध्ये सांता क्लारा इथल्या 'पायकॉन' या पायथनच्या परिषदेत त्याहून मोठे वादळ उठले. परिषदेत लहान मुलांसाठी प्रोग्रामिंगची कार्यशाळा झाली होती. समारोपाच्या दिवशी ॲड्रिया रिचर्ड्स सभागृहात बसल्या असताना मागच्या रांगेतले दोघे जण संगणकाच्या शब्दांवरून द्व्यर्थी विनोद करत होते. पडद्यावर त्या कार्यशाळेतल्या एका छोट्या मुलीचे छायाचित्र आले. आपण आज गप्प बसलो तर ही मुलगी उद्या इथे टिकेल का, असे मनात आल्याचे रिचर्ड्स यांनी नंतर लिहिले. त्यांनी दोघांचा फोटो काढून ट्विटरवर टाकला. आयोजकांनी दोघांशी बोलून प्रकरण मिटवले होते. पण दोघांपैकी एकाला त्याच्या कंपनीने नोकरीवरून काढले. त्यानंतर रिचर्ड्स यांच्यावर बलात्काराच्या आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचा वर्षाव झाला, त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि 21 मार्चला कंपनीने त्यांनाही काढून टाकल्याचे जाहीर केले.

या प्रसंगात परिषदेची यंत्रणा चालली होती. बिघडले ते बाहेर. अनोळखी जमावाने न्याय हाती घेतला आणि दोन कंपन्यांनी माणसे सोडली. कुजबुजत केलेल्या विनोदासाठी तीन मुलांच्या बापाची नोकरी जाणे हे प्रमाणाबाहेर होते. तक्रार करणाऱ्या स्त्रीला त्याहून कितीतरी पटींनी भयंकर शिक्षा मिळाली. तक्रारीला खात्रीची आणि शांत वाट असणे का गरजेचे आहे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'टेकक्रंच डिसरप्ट' या नवउद्योगांच्या परिषदेच्या व्यासपीठावर दोन तरुणांनी स्त्रियांच्या छातीकडे टक लावून पाहण्यावर बेतलेले ॲप 'गंमत' म्हणून सादर केले. त्याच कार्यक्रमात 9 वर्षांची एक मुलगी स्वतः बनवलेले ॲप दाखवायला आली होती. आयोजकांनी माफी मागितली आणि पुढे सादरीकरणे आधी तपासण्याचे कबूल केले.

मग या सगळ्यातून हाती काय लागले? पायकॉनचे आकडे बोलके आहेत. तिथल्या भाषणांत स्त्रियांचा वाटा 2011 मध्ये 1 टक्का, 2012 मध्ये 7, 2013 मध्ये 15 आणि 2014 मध्ये 33 टक्के झाला. 2016 मध्ये तो 40 टक्क्यांवर पोचला. हे एकट्या आचारसंहितेचे श्रेय नव्हे. आयोजकांनी स्त्रियांना व्यक्तिशः विचारले, प्रस्ताव लिहायला मदत केली, पुन्हा पुन्हा आग्रह केला. पण ज्या व्यासपीठावर आपली चेष्टा होणार नाही याची लेखी हमी आहे, तिथेच असा आग्रह फळाला येतो. आणि या काळात पायकॉनमधले हसणे थांबले नाही, भाषणे रटाळ झाली नाहीत.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. पुण्यात 2011 मध्ये 'पायकॉन इंडिया' भरली, 2012 मध्ये 'रुबीकॉन्फ इंडिया' झाली आणि 2014 मध्ये तीच परिषद गोव्यात गेली. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांतली मुले-मुली अशा परिषदांना कंपनीच्या खर्चाने जातात, तिथे ओळखी करतात, पुढच्या नोकऱ्या मिळवतात. ते त्यांचे कामच असते. आपला कायदाही तेच सांगतो. राजस्थानातल्या भंवरी देवी यांच्या लढ्यातून 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांतून 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घडला. कामानिमित्त कर्मचारी जिथे जाईल ती जागाही या कायद्यात कामाचे ठिकाण मानली आहे. लैंगिक रंगाचे शेरे मारणे आणि अश्लील चित्रे दाखवणे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रोग्रामरांना जे वर्षानुवर्षे वाद घालून मिळवावे लागले, त्याचा पाया आपल्याकडे राजस्थानातल्या एका ग्रामीण कार्यकर्तीने घातला होता. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि जबाबदारीचीही, कारण कायदा कागदावर असूनही 'जरा गंमत केली तर काय झाले' हे वाक्य आपल्या कार्यालयांत आजही ऐकू येते.

2009 ते 2013 चा हा काळ मुख्यतः शिक्षांसाठी आठवला जातो: कुणाची नोकरी गेली, कुणाला माफी मागावी लागली. माझ्या मते ते त्याचे सर्वांत कमी टिकाऊ फळ. शिक्षेने माणसे घाबरली आणि चिडली. बदल घडवला तो दोन गोष्टींनी: आधीच स्पष्ट सांगितलेल्या नियमाने आणि रेल्सब्रिजसारख्या निमंत्रणाने. नियमाने दारातला अडसर काढला, निमंत्रणाने माणसे आत आणली. यातले एकच केले तर काम अर्धे राहते. नियम असून निमंत्रण नसेल तर सभागृह सभ्य आणि रिकामे राहते; निमंत्रण असून नियम नसेल तर आलेली माणसे परत जातात.

पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत उद्या जो कुणी अशा परिषदेत बोलायला उभा राहील, त्याने जरूर हसवावे. आपल्या फसलेल्या कोडवर, रात्री अडीचला बंद पडलेल्या सर्व्हरवर, ग्राहकाच्या बदलत्या मागण्यांवर हसवायला अमाप सामग्री आहे आणि त्या हसण्यात सभागृहातला प्रत्येक जण सामील होऊ शकतो. स्लाईड तयार करताना एवढेच पाहावे, की हा विनोद झाल्यावर समोरच्यांपैकी कुणाला आपण इथे परके आहोत असे वाटेल का. तसे वाटणार असेल तर ती स्लाईड काढून टाकावी. तिच्यावाचून भाषणाचे काही अडत नाही, पण तिच्यामुळे उठून गेलेला माणूस या व्यवसायाला पुन्हा सहजी मिळत नाही.